प्रोग्रॅमिंग भाषांच्या दस्तऐवजीकरणाचे अद्ययावतीकरण

प्रोग्रॅमिंग भाषेचे दस्तऐवजीकरण म्हणजे त्या भाषेचे नियम, तिच्यासोबत मिळणारी तयार फंक्शने, त्यांच्या वापराचे नमुने आणि आवृत्तीगणिक झालेले बदल यांची लेखी नोंद होय. भाषेत नवे वैशिष्ट्य आले किंवा जुने काढून टाकले गेले की ही नोंद त्यानुसार सुधारावी लागते. या सततच्या कामाला दस्तऐवजीकरणाचे अद्ययावतीकरण म्हणतात. विसाव्या शतकात भाषेची नवी आवृत्ती पाच-दहा वर्षांनी येत असे, त्यामुळे छापील पुस्तक पुरेसे ठरे. आज पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी, जावाची दर सहा महिन्यांनी आणि रस्टची दर सहा आठवड्यांनी निघते. म्हणून भाषा घडविणाऱ्यांइतकेच तिची माहिती लिहिणाऱ्यांचे काम महत्त्वाचे झाले आहे. मूळ दस्तऐवजात झालेला बदल अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि भाषांतर या वाटांनी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यास अनेकदा वर्षे लागतात. पुण्यासारख्या शिक्षणकेंद्रात हा विलंब विशेष ठळकपणे दिसतो.

स्वरूप

भाषेचे दस्तऐवजीकरण हा एकच ग्रंथ नसतो. भाषेचा नियमग्रंथ काटेकोर शब्दांत लिहिलेला असतो आणि तो मुख्यतः कंपायलर तयार करणाऱ्यांसाठी असतो. तयार फंक्शनांची सूची कोशासारखी हवे तेव्हा उघडून पाहण्यासाठी असते. पाठमाला नवशिक्याचे बोट धरून त्याला पुढे नेते. याशिवाय प्रत्येक आवृत्तीसोबत ‘नवीन काय’ या प्रकारची नोंद निघते. नवे वैशिष्ट्य आले की या चारही ठिकाणी काहीतरी बदलावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी लिहिण्याची रीत निराळी असते. पायथनच्या ३.१० या आवृत्तीत (ऑक्टोबर २०२१) ‘मॅच’ हे विधान आले, तेव्हा त्याचे प्रस्तावच तीन होते: पेप ६३४ मध्ये नियम, ६३५ मध्ये कारणमीमांसा आणि ६३६ मध्ये शिकणाऱ्यासाठी पाठ. पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचविणारा क्रमांकित प्रस्ताव होय. एकाच वैशिष्ट्याबद्दल तीन प्रकारच्या वाचकांसाठी तीन वेळा लिहावे लागते, याची ही अधिकृत कबुलीच होती.

सी भाषेची स्थिती निराळी आहे. तिचा प्रमाण नियमग्रंथ आंतरराष्ट्रीय मानक संघटना प्रसिद्ध करते आणि तो विकत घ्यावा लागतो. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी तो कधी पाहिलेला नसतो. त्याची जागा पाठ्यपुस्तके घेतात. म्हणजे सीच्या बाबतीत पुस्तक जुने झाले की शिकणाऱ्यापुरते दस्तऐवजीकरणच जुने होते.

मजकूर जुना का होतो

याचे मूळ कारण सोपे आहे. आज्ञावलीत चूक असेल तर यंत्र ती दाखवून देते: आज्ञावली चालत नाही किंवा चुकीचे उत्तर देते. आज्ञावलीचे वर्णन करणाऱ्या वाक्यात चूक असेल तर यंत्राला त्याचा पत्ता नसतो. ते वाक्य वर्षानुवर्षे तसेच राहते आणि ते खोटे आहे हे प्रथम कळते ते त्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाला. हा वाचक बहुधा नवशिका असल्यामुळे दोष पुस्तकाचा नसून आपलाच आहे, असे तो समजतो.

दुसरे कारण लेखकाच्या स्थानाशी निगडित आहे. नवे वैशिष्ट्य ज्याने घडविले त्याला त्याचे सारे बारकावे ठाऊक असतात, परंतु ते ठाऊक नसलेल्या माणसाला काय अडेल हे त्याला सहज सुचत नाही. दुसऱ्या कोणी लिहावे तर त्याला बारकावे विचारत हिंडावे लागते. त्यातच वैशिष्ट्य तयार झाले की कर्त्याचे मन पुढच्या कामाकडे वळलेले असते. म्हणूनच ‘आधी वैशिष्ट्य, मग सवडीने माहिती’ हा क्रम बहुतेक वेळा फसतो.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. नव्या वैशिष्ट्यासाठी नवे पान लिहिणे तुलनेने सोपे असते, पण त्याच्यामुळे जुनी पाने नकळत मागे पडतात. पायथन ३.६ मध्ये (डिसेंबर २०१६) मजकुरात चलांच्या किमती भरण्याची ‘एफ-स्ट्रिंग’ ही सोयीची रीत आली. त्यापूर्वी टक्केचिन्ह वापरून किंवा ‘फॉरमॅट’ या पद्धतीने तेच काम होत असे. जुन्या रीती बंद झाल्या नाहीत, त्यामुळे त्या रीतींनी लिहिलेला एकही नमुना चुकीचा ठरला नाही. तरीही केवळ तेच नमुने वाचणारा विद्यार्थी नव्या आज्ञावल्यांपुढे अडखळतो. चुकीचा मजकूर शोधता येतो. बरोबर असूनही जुना झालेला मजकूर शोधण्यासाठी संपूर्ण संग्रह नव्या नजरेने वाचावा लागतो, आणि हे काम करण्यास फारसे कोणी पुढे येत नाही.

भर घालणे सोपे आणि वगळणे कठीण, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. पायथनमधील ‘असिंकआयओ’ या विभागाचे उदाहरण बोलके आहे. एकाच वेळी अनेक कामे हाताळण्याची ही सोय ३.४ या आवृत्तीत (२०१४) आली. पुढच्या आवृत्तीत ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे स्वतंत्र शब्द आले आणि ३.७ मध्ये (२०१८) कामाला आरंभ करून देणारे सोपे फंक्शन आले. दर वेळी जुन्या पानांवर नवा मजकूर चढत गेला. परिणामी वाचकाला एकाच कामाच्या तीन पिढ्या एकत्र दिसू लागल्या आणि त्यांतील कोणती आपल्यासाठी, हे कळेना. अखेर २०१८ मध्ये या विभागाच्या पानांचे पुनर्लेखन करण्यात आले. नवशिक्याला लागणारी मोजकी फंक्शने पुढे आणली गेली आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी असलेला तपशील मागे ठेवला गेला.

पायथनमधील पद्धत

पायथनचे अधिकृत दस्तऐवज हे अद्ययावतीकरणाचे चांगले उदाहरण मानले जाते. या यशाचे मुख्य कारण मजकूर कोठे ठेवला आहे, हे आहे. भाषेची मूळ संहिता आणि तिचे दस्तऐवज एकाच संग्रहात, शेजारशेजारच्या फोल्डरांत असतात. वैशिष्ट्याचा प्रस्ताव आणि त्याचे वर्णन एकाच बदलात एकत्र सादर करता येते आणि तपासणारा दोन्ही एकाच वेळी वाचतो. वर्णन नसेल तर ‘हे कोठे लिहिले आहे’ असा प्रश्न तेथेच उपस्थित होतो. बातमीवजा एक-दोन ओळींची नोंद जोडली नसेल, तर स्वयंचलित तपासनीस तो बदल अपूर्ण असल्याचे दाखवितो. टंकनदोषासारख्या किरकोळ दुरुस्तीला यातून सूट दिली जाते.

पूर्वी हे दस्तऐवज लाटेक या मुद्रणप्रणालीत लिहिलेले होते. ती शिकल्याशिवाय एक ओळही सुधारणे अवघड होते. गेओर्ग ब्रांडल यांनी साध्या मजकुरावरून पाने तयार करणारे ‘स्फिंक्स’ हे साधन तयार केले आणि २००८ मध्ये निघालेल्या २.६ या आवृत्तीपासून पायथनचे दस्तऐवज त्यात आले. लेखनाची रीत सोपी झाल्याने हातभार लावणाऱ्यांचा उंबरठा खाली आला. पुढे इतर अनेक प्रकल्पांनी हेच साधन स्वीकारले.

स्फिंक्समधील तीन खुणा या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली सांगते की अमुक गोष्ट कोणत्या आवृत्तीत नव्याने आली, दुसरी सांगते की तिचे वर्तन कोणत्या आवृत्तीत बदलले आणि तिसरी सांगते की तिचा वापर आता थांबवावा. फंक्शनाच्या वर्णनाखाली या खुणा छोट्या ओळींच्या रूपाने दिसतात. त्यांमुळे जुनी आवृत्ती वापरणारा आणि नवी वापरणारा असे दोघेही तेच पान वाचू शकतात. पानाच्या वरच्या बाजूला आवृत्ती निवडण्याची सोयही असते, आणि जुन्या आवृत्त्यांचे दस्तऐवज काढून न टाकता जपून ठेवले जातात.

एखादी गोष्ट भाषेतून काढायची असेल तर तीही एकदम काढली जात नाही. पेप ३८७ मधील धोरणानुसार किमान दोन आवृत्त्यांपर्यंत इशारा द्यावा लागतो. आज्ञावल्यांचे वाटप करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या ‘डिस्टयूटिल्स’ या विभागावर ३.१० मध्ये इशारा आला आणि ३.१२ मध्ये (ऑक्टोबर २०२३) तो विभाग गेला. त्यानंतरच्या ३.१३ मध्ये ‘सीजीआय’सह अनेक जुने विभाग पेप ५९४ नुसार वगळले गेले. दोन आवृत्त्या म्हणजे व्यवहारात दोन वर्षे. संकेतस्थळावरील पानाला एवढी मुदत भरपूर झाली, परंतु छापील पुस्तकाची प्रत विकली जाण्यास आणि हातोहात फिरण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

‘नवीन काय’ ही प्रत्येक आवृत्तीसोबतची लेखमाला २.० या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०००) चालू आहे. अँड्र्यू कुकलिंग यांनी ती दीर्घकाळ लिहिली. ही पाने कोशासारखी कोरडी नसतात. कोणता बदल कशासाठी केला आणि जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीत आणताना काय सुधारावे लागेल, हे त्यांत सांगितलेले असते. एखाद्याने दोन-तीन वर्षांनी पुन्हा पायथन हाती घेतले, तर मधल्या आवृत्त्यांची ही पाने वाचणे हा सर्वांत जवळचा मार्ग ठरतो.

दस्तऐवजांच्या एकूण धोरणाची जबाबदारी स्वतंत्र संपादक मंडळाकडे असावी, अशी तरतूद पेप ७३२ ने केली. तोवर प्रत्येक पानाचा सूर त्याच्या लेखकावर अवलंबून होता.

नमुन्यांची यांत्रिक तपासणी

वर्णनातील वाक्य यंत्राला तपासता येत नसले, तरी त्यातील नमुना तपासता येतो. टिम पीटर्स यांच्या ‘डॉकटेस्ट’ या साधनाचा पाया हाच आहे. २००१ मधील २.१ या आवृत्तीपासून ते पायथनसोबत मिळते. मजकुरात दिलेली आज्ञा ते खरोखर चालवून पाहते आणि मिळालेले उत्तर छापलेल्या उत्तराशी जुळते का, हे सांगते. भाषेचे वर्तन बदलले की नमुना नापास होतो आणि मजकूर जुना झाल्याची वार्ता वाचकाच्या आधी संपादकाला मिळते. गो आणि रस्ट या भाषांनी ही कल्पना आपल्या मूळ साधनांतच सामावून घेतली. रस्टमध्ये फंक्शनाच्या वर्णनात लिहिलेला नमुना नेहमीच्या चाचण्यांबरोबर आपोआप चालवला जातो.

या उपायाला मर्यादा आहे. नमुना चालतो एवढेच यंत्र सांगते. त्याच्या आजूबाजूची वाक्ये खरी आहेत का, किंवा त्याच कामाची अधिक चांगली रीत दरम्यान आली आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

इतर भाषांतील व्यवस्था

रस्टमध्ये २०१६ च्या आरएफसी १६३६ या ठरावाने प्रत्येक नव्या वैशिष्ट्याचे दस्तऐवजीकरण आवश्यक ठरविले. प्रयोगावस्थेतील वैशिष्ट्यांसाठी ‘अस्थिर पुस्तक’ नावाचा वेगळा ग्रंथ आहे, आणि वैशिष्ट्य पक्के होताना त्याचे वर्णन मुख्य ग्रंथात असावे अशी अपेक्षा असते. त्याच्या मूळ लायब्ररीतील प्रत्येक सार्वजनिक गोष्टीवर स्थैर्याची खूण असावी लागते. ती गोष्ट पक्की झाली असेल तर कोणत्या आवृत्तीपासून, हेही खुणेत नोंदवावे लागते. खूण नसेल तर लायब्ररीच संकलित होत नाही. विस्मरणाला जागा न ठेवणारा हा कदाचित सर्वांत कडक बंदोबस्त होय.

जावामध्ये वर्णन मूळ संहितेतील टिप्पणीतच लिहिण्याची प्रथा आरंभापासून आहे. २०१७ मधील जावा ९ पासून ‘वापर टाळा’ या इशाऱ्याला ‘पुढे हे काढले जाणार आहे’ अशी जोडही देता येते. या दोन इशाऱ्यांतील फरक लक्षात येण्यास जावाच्या कर्त्यांना वीस वर्षे लागली, असे म्हणता येईल. वेबसाठीच्या एचटीएमएल या चिन्हभाषेच्या नियमग्रंथाला तर आता आवृत्तीच उरलेली नाही. ‘जिवंत प्रमाण’ या नावाने तो अखंड बदलत असतो.

व्याकरणपरंपरेतील साम्य

नियम पक्के झाल्यावर भाषा पुढे गेली तर काय करावे, हा प्रश्न संगणकयुगाच्या फार पूर्वीचा आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यानंतर कात्यायनाने वार्तिके लिहिली आणि पतंजलीने महाभाष्यात सूत्रे व वार्तिके या दोहोंची चर्चा केली. सांगितलेले, सांगायचे राहून गेलेले आणि सदोष सांगितलेले या तिन्हींचा विचार म्हणजे वार्तिक, असे परंपरा मानते. दस्तऐवजातील दुरुस्त्यांची विभागणी आजही याहून वेगळी करता येणार नाही. लक्षणीय गोष्ट अशी की वार्तिककाराने मूळ सूत्र खोडले नाही. सूत्र जागच्या जागी ठेवून त्यावर आपली भर वेगळी ओळखू येईल अशा रीतीने जोडली. स्फिंक्समधील आवृत्तीच्या खुणा हेच करतात. महाभाष्याच्या अभ्यासाशी पुण्याचा संबंध जुना आहे. डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. साम्य अर्थात येथेच थांबते. वार्तिकांच्या मागे शतकांचा अवकाश होता, पायथनच्या मागे बारा महिन्यांचा.

पुणे आणि महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यात संगणकशिक्षणाचा पसारा मोठा आहे. येथे सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली. विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंगचे विषय शिकवले जातात आणि राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ (स्थापना १९६७) याच शहरात आहे. त्यामुळे भाषेतील बदल आणि अभ्यासक्रमातील बदल यांच्या गतींमधील अंतर येथे स्पष्टपणे मोजता येते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची ओळख ‘पॅटर्न’च्या वर्षाने होते: २०१५, २०१९, २०२४. २०१९ च्या पॅटर्नमध्ये प्रथम वर्षासाठी ‘प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा पायथनवर आधारलेला विषय आला. त्याच शैक्षणिक वर्षात, १ जानेवारी २०२० रोजी, पायथन २ चा आधार अधिकृतपणे संपला. २०१९ मध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०२३ मध्ये पदवीधर होईपर्यंत पायथनच्या ३.८ पासून ३.११ पर्यंत चार आवृत्त्या निघाल्या. अभ्यासक्रम दरवर्षी बदलणे शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण परीक्षा, प्रयोगवही आणि शिक्षकांची तयारी त्याच्याशी बांधलेली असते. अडचण निर्माण होते ती पुस्तकातील विधानांवर काळाची खूण नसते तेव्हा. ‘पायथनमध्ये स्विचसारखे विधान नाही’ हे वाक्य २०१९ मध्ये छापले गेले असेल तर तेव्हा ते खरे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मॅच’ आल्यावर त्याचा खरेपणा ओसरला. तेथे ‘३.९ पर्यंत’ एवढा एक शब्दप्रयोग असता तर वाक्य आजही खरे राहिले असते.

पायथन २ आणि ३ यांतील फरक तर परीक्षेतील गुणांवर परिणाम करणारा आहे. सातास दोनने भागले असता पायथन २ चे उत्तर ३ येते, पायथन ३ चे ३.५. ‘प्रिंट’ हे पहिल्यात विधान होते, दुसऱ्यात ते फंक्शन झाल्याने त्याला कंस आवश्यक झाले. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले आणि दोन्ही आवृत्त्या त्यानंतर अकरा वर्षे शेजारी नांदल्या. या काळातील पुस्तके आजही अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत मिळतात. मुखपृष्ठावर केवळ ‘पायथन’ असेल, तर आत कोणते पायथन आहे हे विद्यार्थ्याने ‘प्रिंट’पुढील कंसावरून ओळखावे लागते.

सी भाषेच्या बाबतीत अंतर वर्षांचे नसून दशकांचे आहे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर १९८७ मधील. भारतभरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो दीर्घकाळ टिकून राहिला आणि पुणेही त्याला अपवाद नव्हते. तो डॉस प्रणालीसाठी लिहिलेला आहे, आणि ६४ बिटांची विंडोज प्रणाली १६ बिटांच्या आज्ञावल्या चालवत नाही. तेव्हा नव्या संगणकात डॉसचा आभास निर्माण करून त्यात टर्बो सी चालवण्याची युक्ती रूढ झाली. पुस्तकाशी जुळावे म्हणून नव्या यंत्रात जुने यंत्र उभे करण्याचा हा प्रकार होता. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला दोन बाइट जागा लागते, आजच्या प्रचलित कंपायलरांत चार. तोंडी परीक्षेत ‘पूर्णांकाचा आकार किती’ या प्रश्नाला प्रयोगशाळेबाहेर शिकलेला विद्यार्थी ‘चार’ म्हणतो, पुस्तक ‘दोन’ म्हणते. प्रमाणग्रंथानुसार हा आकार कंपायलरवर अवलंबून असतो, हे खरे उत्तर दोघांच्याही हाती लागत नाही.

याहून गंभीर उदाहरण ‘गेट्स’ या फंक्शनाचे आहे. टंकलेली ओळ वाचून घेणारे हे फंक्शन ओळ किती लांब आहे, याची पर्वा करत नाही. ठरविलेल्या जागेपेक्षा लांब ओळ आली तर शेजारच्या स्मृतीवर लिहिले जाते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने याच फंक्शनातील कच्चेपणाचा एक मार्ग म्हणून उपयोग केला होता. सीच्या २०११ च्या प्रमाणातून हे फंक्शन काढून टाकण्यात आले. तरीही सोपे वाटते म्हणून ते जुन्या पुस्तकांतील नमुन्यांत आणि त्यांवरून उतरवलेल्या प्रयोगवह्यांत राहिले. शिकताना लागलेली ही सवय नोकरीत लिहिलेल्या आज्ञावलीत उतरली, तर जुन्या मजकुराची किंमत त्या आज्ञावलीचा वापर करणारा त्रयस्थ ग्राहक मोजतो.

उच्च माध्यमिक स्तरावर ‘संगणक विज्ञान’ या विषयात सी++ आणि एचटीएमएल यांच्या जोडीने ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या सूचना दीर्घकाळ शिकवल्या गेल्या. इंटेलचा हा प्रोसेसर १९७६ मधील आहे. जुना अभ्यासक्रम म्हणून त्यावर टीका होते. मात्र त्याच्या सूचनासंचात बदल होत नसल्यामुळे त्याचे पुस्तक कधीच जुने होत नाही, हा त्याचा गुण टीकाकारांच्या नजरेतून सुटतो. याउलट सी++ च्या १९९८ च्या प्रमाणापूर्वीची शीर्षफाइलींची नावे घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्याची पहिलीच आज्ञावली आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडते.

‘माहिती तंत्रज्ञान’ विषयाची बारावीची नवी पाठ्यपुस्तके २०२० मध्ये आली. त्यांत पीएचपी या भाषेचा समावेश आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पीएचपी ८.० प्रसिद्ध झाली आणि शून्याची अक्षरमजकुराशी तुलना केल्यास मिळणारे उत्तर ‘सत्य’वरून ‘असत्य’ झाले. पाठ्यपुस्तक मंडळाने कितीही तत्परता दाखवली असती तरी हा योगायोग टळण्यासारखा नव्हता.

पुण्यातून मूळ दस्तऐवजांना हातभार लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पायकॉन इंडिया ही पायथनची राष्ट्रीय परिषद २०११ मध्ये पुण्यात भरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पायकॉन पुणे ही परिषद झाली, तेव्हा भाषणांच्या दोन दिवसांनंतरचे दोन दिवस प्रत्यक्ष कामाच्या सत्रांसाठी राखून ठेवले होते. त्याच महिन्याच्या १० तारखेला पायथनची मूळ संहिता गिटहबवर स्थलांतरित झाली होती. त्यापूर्वी एका शब्दाची दुरुस्ती सुचवायची तरी तिची फाइल तयार करून दोषनोंदीच्या संकेतस्थळावर जोडावी लागे. स्थलांतरानंतर हे काम नवागताच्या आवाक्यात आले. अशा सत्रांत पहिले काम म्हणून दस्तऐवजातील एखादी दुरुस्ती सुचविण्याचा प्रघात सर्वत्र आहे. विद्यार्थ्याला जेथे वाक्य कळले नाही तेथेच ते सुधारण्यास सर्वांत योग्य माणूस बहुधा तोच असतो, कारण न कळण्याचा अनुभव त्याच्या मनात ताजा असतो.

भाषांतरित दस्तऐवज आणि मराठी

भाषांतराला दुहेरी विलंब सोसावा लागतो: आधी मूळ मजकूर बदलतो, मग भाषांतर त्याच्या मागे धावते. पायथनच्या दस्तऐवजांची भाषांतरे अधिकृत संकेतस्थळावर ठेवण्याची रीत पेप ५४५ ने (२०१७) ठरवून दिली. जपानी, फ्रेंच व कोरियन ही तीतील आरंभीची भाषांतरे होत. या पद्धतीत मजकूर परिच्छेदा-परिच्छेदाने सुटा करून त्याच्या जोडीला भाषांतर लिहितात. मूळ परिच्छेदात बदल झाला की त्याच्या भाषांतरावर ‘संशयित’ अशी खूण आपोआप पडते, आणि कोणी ते पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला त्या जागी मूळ इंग्रजी परिच्छेद दिसतो. अर्धे पान एका भाषेत आणि अर्धे दुसऱ्या भाषेत दिसणे डोळ्यांना खटकते, पण चुकीचे भाषांतर दाखवण्यापेक्षा हे बरे, असा त्यामागचा विचार आहे. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत भाषांतराच्या प्रत्येक फाइलीवर ती मूळ मजकुराच्या कोणत्या स्थितीवरून केली, याचा क्रमांक नोंदवतात. त्यावरून कोणते पान किती मागे आहे, याची यादी काढता येते.

मराठीत या कामाची एक अडचण परिभाषेची आहे. ‘फंक्शन’साठी कोणी ‘फलन’ लिहितो, कोणी ‘कार्य’, कोणी मूळ शब्दच ठेवतो. गणितातील ‘फलन’ विद्यार्थ्याला शाळेपासून परिचित असले, तरी वर्गात आणि नोकरीत ‘फंक्शन’च बोलले जाते. शब्दांची निवड पानागणिक बदलली, तर एक शब्द सर्वत्र सुधारणे यंत्रालाही जमत नाही. त्यामुळे परिभाषेची एक ठरलेली यादी ही अद्ययावतीकरणाची पूर्वतयारीच ठरते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने प्रोग्रॅमिंगचे लहान दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले आहेत. पाठाच्या आरंभीच कोणती प्रणाली आणि कोणता कंपायलर वापरला आहे, हे आवृत्तीसह सांगण्याची त्यांची शिस्त आहे. सी भाषेच्या पाठांत उबुंटू ११.१० आणि जीसीसी ४.६.१ यांचा उल्लेख येतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटातच पाठाचे वय कळते. चित्रफितीतील एक वाक्य सुधारायचे तर ते प्रत्येक भाषेत पुन्हा बोलून घ्यावे लागते. पाठांच्या लिखित संहिता मात्र वेळेच्या खुणांसह संकेतस्थळावर उपलब्ध असतात, आणि त्यांतील ओळ दुरुस्त करण्यास ध्वनिमुद्रणाची गरज पडत नाही.